रविवारी एकटा पडलेला वकील : पॉल हॅरिस

छात्रमित्रांनो, शाळेत दाखल झाल्यानंतरचा तुमचा पहिला रविवार आठवून पाहा. आठवडाभर पीटी, परेड, वर्ग, मेस आणि प्रेप यांच्या धावपळीत दिवस कसा संपतो ते कळत नाही. रविवारी दुपारी मात्र वसतिगृह शांत होते. आजूबाजूला शेकडो मुले असतात, पण त्यांत आपले म्हणावे असे कोणी नसते. घर दूर, आसपासची भाषा वेगळी, आणि कोणी नावाने हाक मारलीच तर ती रोल कॉलच्या वेळी. ज्येष्ठ छात्र आता हसतील, पण त्या दुपारी डोळ्यांत पाणी आले नाही असा छात्र विरळाच.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका तरुण वकिलाचे रविवार असेच जात होते. आठवडाभर कोर्टकचेऱ्या, अशिले आणि कागदपत्रे. सुट्टीच्या दिवशी मात्र बोलायला माणूस नाही. त्या एकटेपणावर त्याने एक साधा उपाय काढला. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, थोड्या माणसांनी एकत्र जमायचे. एवढ्याशा उपायातून रोटरी क्लब ही जगभर पसरलेली सेवाभावी संस्था उभी राहिली. रक्तदान शिबिराच्या मंडपावर किंवा पोलिओ लसीकरणाच्या बूथवर दातेरी चाकाचे चिन्ह तुम्ही पाहिले असेल. त्या चाकामागच्या माणसाची, पॉल हॅरिस यांची, ही ओळख.

आजोबांचे घर

पॉल हॅरिस यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावी झाला. सहा भावंडांत ते दुसरे. वडील जॉर्ज यांचे औषधांचे दुकान होते. दुकानाला भांडवल आजोबांनी दिले होते, पण जॉर्ज यांना धंद्याचा मेळ कधी बसवता आला नाही. खर्च मिळकतीपेक्षा जास्त, आणि अखेर दुकान बुडाले. संसार मोडला. १८७१ च्या जुलै महिन्यात जॉर्ज आपल्या दोन मोठ्या मुलांना घेऊन व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफोर्ड या खेड्यात आपल्या आईवडिलांकडे आले. पॉल तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता.

गाडी रात्री पोहोचली. आजोबा हातात कंदील घेऊन स्टेशनावर आले होते. परक्या गावातल्या काळोखात त्यांचे बोट धरून चालत पॉल घरी पोहोचला, आणि आजीने दूध-पाव समोर ठेवला. पुढे आईवडिलांनी पुन्हा संसार मांडून पाहिला, पण तो टिकला नाही. पॉल आजीआजोबांकडेच वाढला.

आजोबा हॉवर्ड हॅरिस हे जुन्या वळणाचे, कष्टाळू आणि काटकसरी गृहस्थ होते. घरात फार बोलणे नसे. पण कोणाच्या धर्माबद्दल किंवा जातकुळीबद्दल वाईट शब्दही कधी निघत नसे. वॉलिंगफोर्ड हे डोंगरांच्या कुशीतले लहानसे गाव. तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत असे. कोणाच्या घरी आजारपण आले की शेजारी न बोलावता येत. या गोष्टी पॉलला त्या वेळी विशेष वाटल्या नाहीत. त्यांची किंमत त्याला पुढे मोठ्या शहरात कळली.

खोडकर विद्यार्थी

थोर माणसांच्या चरित्रात बहुधा लहानपणापासूनची हुशारी आणि शिस्त यांचे वर्णन असते. पॉल हॅरिस यांच्या बाबतीत तसे लिहिता येणार नाही. हा मुलगा गावात खोड्यांसाठी प्रसिद्ध होता. लडलो गावच्या ब्लॅक रिव्हर अकॅडमीत त्याला घातले, तिथून त्याला काढून टाकण्यात आले. मग सॅक्सटन्स रिव्हर येथील व्हरमाँट अकॅडमीत त्याची रवानगी झाली. त्या काळी तिथे लष्करी शिस्त होती, म्हणजे काही काळ पॉल तुमच्यासारखाच छात्र होता असे म्हणायला हरकत नाही. ती शिस्त त्याला मानवली आणि तिथला काळ बरा गेला.

१८८५ मध्ये तो बर्लिंग्टन येथील व्हरमाँट विद्यापीठात दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी, १८८६ च्या डिसेंबरात, विद्यार्थ्यांच्या एका दंग्याच्या प्रकरणात त्याला आणखी तिघांसह विद्यापीठातून काढण्यात आले. त्या विशिष्ट प्रकरणात आपला हात नव्हता, असे ते पुढेही सांगत. पण इतक्या इतर खोड्या पचल्या होत्या की शिक्षेबद्दल तक्रार करायला तोंड नव्हते, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. पुढे याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली.

आजोबांनी नातवाला टाकले नाही. त्यांनी त्याला प्रिन्स्टन येथे शिकायला पाठवले. १८८८ च्या मार्चमध्ये आजोबा वारले. आजोबांच्या जाण्याने पॉल हादरला. ज्या माणसाने आपल्यावर एवढा विश्वास टाकला, त्याला आपण काय दाखवले, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला. ते वर्ष संपवून तो घरी आला, काही काळ संगमरवराच्या कंपनीत नोकरी केली आणि मग आयोवा राज्यात जाऊन नेटाने कायद्याचा अभ्यास केला. १८९१ मध्ये आयोवा विद्यापीठाची कायद्याची पदवी त्याने मिळवली. नातवाने वकील व्हावे ही आजोबांची इच्छा होती.

पाच वर्षांची भटकंती

पदवी हातात आली तरी हॅरिस यांनी लगेच वकिली सुरू केली नाही. पदवीदानाच्या सुमारास एका वक्त्याने नव्या वकिलांना थोडी वर्षे लहान गावात चुका करून शिकण्याचा सल्ला दिला होता. हॅरिस यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. पाच वर्षे जग पाहायचे, मिळेल ते काम करायचे, आणि मग कायमचे एका ठिकाणी बसायचे.

ही पाच वर्षे म्हणजे एक वेगळीच शाळा होती. सॅन फ्रान्सिस्कोत ते वार्ताहर झाले. कॅलिफोर्नियातल्या मळ्यांत त्यांनी फळे वेचली, बेदाणे भरण्याचे काम केले. लॉस एंजेलिसच्या एका व्यापारी महाविद्यालयात शिकवले. डेन्व्हरमध्ये नाटक कंपनीत काम केले, गुरे राखली, पुन्हा वृत्तपत्रात गेले. फ्लोरिडात एका हॉटेलात रात्रपाळीचे कारकून झाले, आणि मग संगमरवराचे फिरते विक्रेते. इंग्लंड पाहायची इच्छा झाली तेव्हा तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावर त्यांनी काम धरले. त्या जहाजावरचे अन्न आणि घाण यांची त्यांना जन्मभर आठवण राहिली. तरीही पहिल्या खेपेस लंडन पाहायला मिळाले नाही, म्हणून ते पुन्हा तसल्याच जहाजावर चढले.

या भटकंतीत हॅरिस यांनी तऱ्हेतऱ्हेच्या माणसांबरोबर एका पंगतीला जेवण केले. मजूर, खलाशी, नट, व्यापारी आणि पत्रकार यांच्याशी कसे बोलावे, हे ते तिथे शिकले. ठरल्याप्रमाणे पाच वर्षे संपताच, १८९६ मध्ये, त्यांनी शिकागोत वकिलीची पाटी लावली.

शिकागोतले रविवार

१९०० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या १७ लाखांच्या जवळ होती. रेल्वेचे जाळे, धान्याचा बाजार आणि कत्तलखाने यांमुळे शहर दर वर्षी फुगत होते. जर्मनी, आयर्लंड, पोलंड, स्वीडन, इटली अशा देशांतून माणसे येत होती. पैसा होता, तशी फसवणूकही होती. धंद्यात कोणावर विश्वास ठेवावा ते कळत नसे.

हॅरिस यांची वकिली हळूहळू चालू लागली. आठवड्याचे सहा दिवस कामात जात. रविवारी ते वेगवेगळ्या चर्चमध्ये जात, बागांतून हिंडत, गर्दीत मिसळत. पण त्या गर्दीत वॉलिंगफोर्डचा एकही ओळखीचा चेहरा नसे.

१९०० च्या उन्हाळ्यात बॉब फ्रँक नावाच्या एका वकील मित्राने त्यांना घरी जेवायला बोलावले. जेवणानंतर दोघे उपनगरातल्या रस्त्याने फेरफटका मारायला निघाले. फ्रँक वाटेत दुकानांपाशी थांबत, दुकानदाराला नावाने हाक मारत आणि हॅरिस यांची ओळख करून देत. हॅरिस यांना आपले खेडे आठवले. एवढ्या मोठ्या शहरातही खेड्यासारखी ओळख शक्य आहे, हे त्यांनी त्या संध्याकाळी पाहिले. मग मनात विचार आला: वेगवेगळ्या धंद्यांतले थोडे लोक नियमितपणे भेटत राहिले तर?

हा विचार प्रत्यक्षात यायला जवळजवळ पाच वर्षे लागली.

पहिली बैठक

गुरुवार, २३ फेब्रुवारी १९०५. हॅरिस आपला मित्र सिल्व्हेस्टर शील याच्याबरोबर एका इटालियन खाणावळीत जेवले. शील हा कोळशाचा व्यापारी. जेवताना हॅरिस यांनी त्याला आपली कल्पना सांगितली. तिथून दोघे डिअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी बिल्डिंगमध्ये, ७११ क्रमांकाच्या खोलीत गेले. ती खोली म्हणजे खाण अभियंता गुस्ताव्हस लोर याची कचेरी. तिथे हायरम शोरी नावाचा शिंपी व्यावसायिकही आला होता. चार माणसे, चार धंदे: वकील, कोळसावाला, अभियंता आणि शिंपी. चौघेही लहान गावांतून आलेले. पुढच्या बैठकीला हॅरी रगल्स हा छापखानेवाला येऊन मिळाला.

बैठका पाळीपाळीने प्रत्येकाच्या कामाच्या जागी घ्यायच्या असे ठरले. एकदा वकिलाच्या कचेरीत, एकदा कोळशाच्या वखारीत. प्रत्येकाला दुसऱ्याचे काम प्रत्यक्ष पाहायला मिळावे, हा हेतू. या फिरतीमुळेच संस्थेला रोटरी हे नाव मिळाले. प्रत्येक धंद्यातला एकच सभासद घ्यायचा असाही नियम झाला, म्हणजे आपसांत स्पर्धा नको. क्लबचा पहिला अध्यक्ष शील झाला. कल्पना हॅरिस यांची असूनही त्यांनी पहिली खुर्ची दुसऱ्याला दिली.

या बैठकांची रीत साधी होती. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची. आडनावाला मिस्टर लावून बोलणाऱ्याला दंड. वाद चिघळू लागला किंवा बैठक रेंगाळली की रगल्स उठून गाणे सुरू करी आणि सगळे त्यात सूर मिसळत. गैरहजेरी चालत नसे. सुरुवातीला पंधरा दिवसांनी होणाऱ्या या भेटी पुढे आठवड्याच्या झाल्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलँडच्या क्लबने दर आठवड्याला जेवणाच्या वेळी जमण्याचा पायंडा पाडला आणि तो इतरांनी उचलला. परगावी गेलेल्या सभासदाने तिथल्या क्लबच्या बैठकीला बसून आपली हजेरी भरून काढावी, अशीही पद्धत पडली. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या लष्करी कुटुंबांना या पद्धतीचे मोल वेगळे सांगायला नको. बैठकीची व्यवस्था आणि शिस्त सांभाळणाऱ्याला तर या क्लबांत सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स असेच म्हणतात.

एका माणसाचा नकार

इथपर्यंतची गोष्ट मैत्रीची आहे. सेवा अजून आलेली नाही. खरे तर सुरुवातीला क्लबचा एक उघड हेतू धंदा वाढवणे हा होता. कपडे शिवायचे तर क्लबातल्या शिंप्याकडे, छपाई रगल्सकडे, कोळसा शीलकडे. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवली जाई. क्लबची सभासदसंख्या भराभर वाढली, आणि त्याचे एक कारण हेही होते.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंटविषयक वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण मिळाले. त्याने क्लबचे नियम वाचले आणि नकार दिला. जी संस्था केवळ आपल्याच सभासदांचे भले पाहते आणि ज्या शहरात राहते त्यासाठी काही करत नाही ती फार दिवस टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

असा नकार मिळाल्यावर माणसे बहुधा रागावतात. इथे तसे झाले नाही. ज्याने नकार दिला त्यालाच क्लबमध्ये बोलावून ही सुधारणा कर असे सांगण्यात आले. कार्टर सभासद झाला आणि शहराच्या हिताचे काम करणे हा क्लबच्या उद्देशांत नवा भाग आला. हॅरिस यांनी ही सूचना मनापासून उचलून धरली. वॉलिंगफोर्डमध्ये शेजारी न बोलावता मदतीला येत, ते आता त्यांना शहराच्या मापाने करायचे होते.

पहिले मोठे काम कोणते घेतले असेल? पुतळा नव्हे, कमान नव्हे. सार्वजनिक स्वच्छतागृह. शिकागोच्या मध्यवस्तीत रोज लाखो माणसे कामाला येत, पण त्यांच्यासाठी अशी सोय नव्हती. पुरुषांना दारूच्या गुत्त्यात आणि स्त्रियांना मोठ्या दुकानांत जावे लागे, आणि तिथे गेल्यावर काही विकत घेणे आलेच. १९०७ मध्ये, हॅरिस क्लबचे अध्यक्ष असताना, या कामाचा पाठपुरावा सुरू झाला. दारू गाळणाऱ्यांनी विरोध केला, दुकानदारांनीही केला, कारण त्यांचे गिऱ्हाईक तुटणार होते. क्लबने शहरातल्या इतर संस्थांना बरोबर घेतले, नगरपालिकेकडे खेटे घातले आणि सुमारे दोन वर्षांच्या खटपटीनंतर नगर भवनाजवळ स्वच्छतागृह उभे राहिले. आठवड्याच्या बैठकीत जमणारी माणसे शहरासाठी काय करू शकतात, हे त्या लहानशा इमारतीने दाखवले.

आपल्याच माणसांचा विरोध

हॅरिस यांना आता दुसरे क्लब हवे होते. प्रत्येक शहरात एकटी माणसे असणारच, मग क्लब एकट्या शिकागोत का? १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब स्थापन झाला. मग ओकलँड, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क.

पण शिकागोच्या अनेक सभासदांना हे रुचले नाही. आमचा क्लब छान चालला आहे, मित्र आहेत, गाणी आहेत, धंदाही आहे. परगावच्या उठाठेवी कशाला? सेवेचा आग्रहही काहींना डोईजड वाटू लागला. ज्या माणसांना एकटेपणातून बाहेर काढण्यासाठी क्लब काढला, तीच माणसे आता हॅरिस यांच्या विरोधात बोलू लागली. अध्यक्षपदाला चिकटून भांडत बसणे हा एक मार्ग होता. हॅरिस यांनी १९०८ मध्ये अध्यक्षपद सोडले, पण काम सोडले नाही. गावोगावी पत्रे लिहिणे, माणसे जोडणे चालूच ठेवले.

या काळात त्यांना चेस्ली पेरी हा जोडीदार मिळाला. स्पेनविरुद्धच्या युद्धात क्युबाला जाऊन आलेला, कामात काटेकोर माणूस. सुरुवातीला तोही विस्ताराच्या विरोधात होता. पण एकदा पटल्यावर त्याने ही जबाबदारी जन्मभर वाहिली. १९१० च्या ऑगस्टमध्ये शिकागोत १६ क्लबांचे पहिले अधिवेशन भरले. हॅरिस राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि पेरी सचिव. पेरी पुढे १९४२ पर्यंत त्या पदावर राहिला. संस्थेची कल्पना हॅरिस यांची, पण घडी बसवली पेरीने, हे स्वतः हॅरिस मान्य करत.

१९१० मध्येच हॅरिस यांचा विवाह झाला. पत्नी जीन थॉमसन या मूळच्या एडिंबरोच्या. दोघांची भेट पायी भटकणाऱ्यांच्या एका सहलीत झाली. काटेरी कुंपण ओलांडताना हॅरिस यांचा कोट फाटला आणि जीन यांनी तो शिवून देण्याची तयारी दाखवली, अशी हकीकत सांगतात. त्यांना मूल झाले नाही. शिकागोतल्या टेकडीवरच्या त्यांच्या घराला जीन यांच्या एडिंबरोतील वस्तीचे कोमली बँक हे नाव दिले होते. पुढे जगभरचे पाहुणे त्या घरी येत राहिले.

दोन वर्षे अध्यक्षपद सांभाळून १९१२ मध्ये हॅरिस बाजूला झाले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली होती. त्यानंतर बरीच वर्षे ते पडद्यामागेच राहिले. क्लब वाढत होते, दुसरे लोक अध्यक्ष होत होते, आणि संस्थापक आपल्या घरी शांतपणे वकिली करत होता.

मैत्रीची झाडे

प्रकृती सावरल्यावर हॅरिस आणि जीन जगाच्या प्रवासाला निघाले. जिथे जातील तिथे हॅरिस स्थानिक सभासदांबरोबर एक झाड लावत. त्याला ते मैत्रीचे झाड म्हणत. १९३२ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये झाड लावले, १९३५ मध्ये टोकियोत.

या दोन शहरांची नावे वाचून तुमच्या मनात काय आले असेल ते सांगायला नको. १९३७ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली जर्मनीतले क्लब बंद झाले, १९४० मध्ये जपानमधले. झाडे लावून युद्ध टळले नाही. हॅरिस यांनी उतारवयात हे सगळे पाहिले. त्यांच्या कामाचे अपयश म्हणून कोणी ते दाखवू शकेल. पण युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, दोन्ही देशांतले क्लब पुन्हा या संघटनेत आले. सैनिक होऊ पाहणाऱ्या वाचकांनी या घटनेचा विचार करावा. लढाई संपल्यावर कालच्या शत्रूशी पुन्हा बोलणे सुरू करावेच लागते, आणि त्यासाठी आधीची ओळख कामाला येते.

हॅरिस यांच्या काळातल्या या संस्थेत उणिवा होत्या, त्याही सांगायला हव्यात. तिथे बहुतेक सुस्थितीतले व्यावसायिकच असत. स्त्रियांना तर सभासदत्वच नव्हते. ते दार १९८९ मध्ये उघडले, आणि तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यानंतर. ज्याने एकट्या माणसांसाठी क्लब काढला त्यालाही निम्मा समाज बाहेर राहिल्याचे जाणवले नाही.

शेवटची इच्छा

२७ जानेवारी १९४७ रोजी शिकागोत हॅरिस यांचे निधन झाले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. पहिल्या बैठकीचा सोबती सिल्व्हेस्टर शील एक वर्षाहून थोडा आधी गेला होता. माउंट होप दफनभूमीत दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

आपल्या अंत्यविधीला फुले आणण्याऐवजी ते पैसे रोटरी फाउंडेशनला द्यावेत, अशी हॅरिस यांची इच्छा होती. या निधीची सुरुवात १९१७ मध्ये आर्च क्लंफ यांनी सुचवल्यावर झाली होती आणि त्यात आलेली पहिली देणगी होती अवघी साडेसव्वीस डॉलरची. हॅरिस यांच्या निधनानंतर दीड वर्षात जगभरातून १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. त्याच वर्षी १८ तरुणांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. विद्यापीठातून काढून टाकलेल्या मुलाच्या नावाने दूरदेशीची मुले शिकली.

भारतात

भारतात हे काम हॅरिस यांच्या हयातीतच पोहोचले होते. १९१९ मध्ये कलकत्त्यात पहिला क्लब सुरू झाला. आरंभी त्यात युरोपीय मंडळींचा भरणा होता. हळूहळू भारतीय सभासद वाढले. मुंबईचा क्लब १९२९ चा. १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहिरी हे साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. शाळकरी मुलांसाठीचे इंटरॅक्ट क्लब त्याच वर्षी सुरू झाले. पहिला अमेरिकेतल्या फ्लोरिडात, आणि त्यामागोमाग आपल्या तंजावूरमध्ये.

पोलिओची गोष्ट तुमच्या आईवडिलांना चांगली आठवत असेल. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओ हटवण्याचा विडा उचलला. पुढे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सरकारे यांच्याबरोबर हे काम चालले. आपल्या देशात लाखो आरोग्यसेविका आणि स्वयंसेवक घरोघर, गाड्यांतून, यात्रांतून दोन थेंब पाजत फिरले. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हे श्रेय एका संस्थेचे नाही. पण बूथवर खुर्च्या मांडणारे, मुलांना शिट्ट्या वाटणारे आणि लसीच्या पेट्या वाहणारे कितीतरी हात आठवड्याच्या बैठकीत ठरवून आले होते.

आपण काय घ्यावे

हॅरिस यांनी लढाई जिंकली नाही, राज्य चालवले नाही, शोध लावला नाही. त्यांनी एक सवय लावली. दर आठवड्याला जमायचे, एकमेकांना नावाने हाक मारायची, आणि उठण्याआधी आपल्या गावासाठी काय करता येईल ते ठरवायचे. उत्साहाच्या भरात एक दिवस श्रमदान करणे सोपे असते. दर गुरुवारी पाऊस असो, परीक्षा असो, पाच माणसे येवोत की पन्नास, ठरल्या वेळी जाऊन बसणे अवघड. परेडचे महत्त्व ज्याला कळते, त्याला हेही कळेल.

आपल्या शाळेतही अशा बैठका होतात. शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवायला जाणे, रोपे लावणे, रक्तदान शिबिराची तयारी करणे ही कामे आपण करतो. हजेरीपुरते जाऊन बसणे आणि मनापासून जाणे यांत काय फरक आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक असते. डोनाल्ड कार्टरचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपली ही टोळी आपल्यापुरतीच आहे, की बाहेरच्यांसाठीही काही करते?

आणि पुढच्या सत्रात नवे छात्र येतील, तेव्हा पहिल्या रविवारी दुपारी एकदा वसतिगृहातून फेरी मारा. खिडकीपाशी कोणी एकटा बसलेला दिसेल. त्याला नावाने हाक मारा, आणि आपल्याबरोबर घेऊन जा.